गाळलेला अभाव

अप्पा,

एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो आहे. गेले अठरा दिवस मला प्रयोगशाळेत कॉफीत दूध मिळत नाही. नुसतं कोरं डिकॉक्शन. काढा म्हणावा तर त्यात सुंठ नाही, कॉफी म्हणावी तर त्यात जीव नाही. एक वेळ संध्या चुकेल पण पितळी डबऱ्यातली फेसाळ कॉफी चुकणार नाही, अशा तंजावरी मराठी घराण्यातल्या माणसावर ही वेळ यावी, याहून कलियुगाचा आणखी पुरावा काय हवा? आणि हा हुकूम काढणारा अधिकारी मीच. दाद मागायची तर माझ्याकडेच मागावी लागते, आणि मी ती रोज अकरा वाजता फेटाळतो.

दुधाने काय पाप केलं, असं तुम्ही विचाराल. सांगतो, पण मग मी इथे काय करतो तेही सांगावं लागेल. तुम्ही होतात तेव्हा ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. ओट्यावर कोणी चौकशी केली तर "तो बाटल्या धुतो" एवढंच तुम्ही सांगत होतात. आता मी शिकवतो आणि बाटल्या अटेंडर धुतो, एवढी आपल्या घराण्याची उन्नती झाली. तुम्हांला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा ऐकायला सवड असेल असं धरून चालतो.

माणसाच्या आतड्यात एक जंतू राहतो. सोवळ्यातल्या माणसाच्या राहतो, ओवळ्यातल्याच्याही राहतो. त्याला भेदाभेद नाही. तो मी काचेच्या चंबूत, मीठ-पाण्याच्या पातळ पेजेवर वाढवतो. त्याला दोन साखरा एकदम वाढल्या, एक ग्लुकोज आणि एक दुधातली साखर, तर तो आधी ग्लुकोज चाटूनपुसून खातो. दुधाच्या साखरेकडे ढुंकूनही बघत नाही. ग्लुकोज संपलं की त्याची वाढ थोडी थांबते. पंक्तीत रस्समभात आटोपून दहीभात यायचा असला की माणसं जशी पानाकडे बघत बसतात, तसा तो बसतो. आणि मग दुधाची साखर खायला लागतो. ती साखर फोडायला एक खास पाचक द्रव्य लागतं, ते तो आयत्या वेळी तयार करतो. गरज नसली की करत नाही. मात्र ते करण्याची विद्या त्याच्यापाशी जन्मापासून असते, त्याच्या बापाकडून आलेली, बापाला आजाकडून. पाचक द्रव्य तयार झालं आहे की नाही हे ओळखायला आम्ही चंबूतलं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात एक औषध टाकतो. असलं तर पाणी पिवळं होतं. नसलं तर जसंच्या तसं राहतं. एवढाच माझा उद्योग, अप्पा: पिवळं की नाही ते बघायचं. तुमचे शिष्य न्यायशास्त्रातली अनुमानं सिद्ध करत, मी पिवळेपणा सिद्ध करतो.

आता घरचं. तुमच्या नातीला तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी ती झाली; यंदा एकवीस संपली, बी.ए. झाली. तांबरमला आपलं भाड्याचं घर आहे, वरचा मजला, बाहेरून जिना. मी रोज तिथून इलेक्ट्रिक गाडीने मद्रास शहरात येतो. ही मुलगी माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, रुसवा नाही. पाणी देते, टॉवेल देते, विचारलं तर उत्तर देते. पण उत्तर एकाच अक्षराचं. त्याची कथा अशी.

दहा वर्षांपूर्वी मी एका परिषदेसाठी पुण्याला गेलो होतो. जेवताना शेजारच्या गृहस्थांशी मी आपल्या मराठीत, तुमच्या-माझ्या मराठीत, चांगला पाऊण तास बोललो. ते कौतुकाने म्हणाले, "वा! मराठी फारच छान बोलता हो तुम्ही. कुठे शिकलात?" मी म्हटलं, "आईजवळ." त्यांना तो विनोद वाटला आणि ते खूप हसले. पंक्तीतल्या आणखी चौघांना त्यांनी तो सांगितला. मीही हसलो. पण परतीच्या प्रवासात मद्रास सेंट्रल येईपर्यंत माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत्या. घरी आल्यावर मी पुण्याचं एक मासिक मागवायला लागलो आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक पाटी टांगली. आज घरात कोणते शब्द बोलायचे नाहीत ते मी तिच्यावर रोज खडूने लिहायचो. पहिल्या दिवशीचा पहिला शब्द: सुम्मा. उगीच, सहज, नुसतं, काही कारण नाही, गप्प: या सगळ्यांना मिळून तमिळात हा एकच शब्द, आणि तो आपल्या घरात तुमच्या पणजोबांच्या आधीपासून नांदत होता. त्याला मी घराबाहेर काढला. म्हाताऱ्या गड्याला काढावं तसा.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. शाळेतून उड्या मारत यायची. "अण्णा, आज काय झालें माहीत आहे? आमची टीचर सुम्मा उभी होती, आणि..."

"सुम्मा नव्हे. नुसती."

"नुसती उभी होती, आणि पाठीमागून तें माकड आलें..."

"तें नाही, ते."

"ते माकड..." मग ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघायची, आता आणखी काय चुकलं असेल म्हणून. तोवर माकड निघून गेलेलं असायचं. त्या माकडाने पुढे काय केलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. असं रोज. दोन वर्षांत तिची माझ्याशी होणारी मराठी हो, नाही आणि जेवायला चला एवढ्यावर आली. पुढे त्यातलं नाहीही गळालं.

मला वाईट वाटलं नाही, असं समजू नका. पण मी शास्त्रज्ञ पडलो; मी वाईट वाटून घेण्याआधी उपपत्ती शोधली. तमिळ आणि इंग्रजी हे ग्लुकोज, आणि मराठी ही दुधाची साखर. रस्त्यात, शाळेत, रेडिओवर ग्लुकोज फुकट मिळत असताना पोर दुधाच्या साखरेकडे कशाला बघेल? दोष परिस्थितीचा. मी ही उपपत्ती जेवताना तुमच्या सुनेला समजावून सांगितली. ती म्हणाली, "तुमचे जंतू तुमच्यापाशीच ठेवा हो. पानावर नकोत."

गेल्या महिन्यात पुण्याची एक मंडळी रामेश्वराला जाऊन परत निघाली होती, ती दोन दिवस मद्रासला थांबली. मुलगा इंजिनियर, घर चांगलं, आणि मुलगी बघायची असं आधी पत्राने ठरलेलं. मी महिनाभर तयारी केली होती. पाटी तर होतीच. शिवाय मासिकातले उतारे रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायला लावत होतो. त्या दिवशी मुलगी येऊन बसली. मुलाच्या आईने प्रेमाने विचारलं, "पुरणपोळी येते का गं तुला?" "हो." "वाचनाची आवड आहे का?" "हो." "आमच्याकडे थंडी असते हं, सोसेल ना?" "हो." मी घामाघूम. आता ही मंडळी उठून जाणार, मुलीला भाषा येत नाही म्हणणार. तर बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती शांत मुलगी आहे हो! हल्ली अशी शोधून मिळत नाही." आठवड्याने पत्र आलं. मुलगी पसंत आहे. तुमचा होकार कळवा.

मी मुलीला समोर बोलावून विचारलं, "तुला पसंत आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

तुमच्या सुनेला मी मोठ्या समाधानाने सांगितलं की विचारलं, ती हो म्हणाली. ती पोळपाट धूत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हांला ती दुसरं कधी काय म्हणालीय?"

आता दूध. याच सुमारास इथे माझा प्रयोग बिघडला. ज्या चंबूत दुधाची साखर मुळीच घातलेली नाही, त्यातलं पाणी पिवळं होता कामा नये. ते होऊ लागलं. हळदीच्या पाण्यासारखं नाही, फिक्कं, पण पिवळंच. तीन दिवस ओळीने. मी अटेंडरला धारेवर धरलं. हा गृहस्थ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, निवृत्तीला आलेला, कपाळाला ठसठशीत विभूती लावणारा. त्याला मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काच धुता येत नाही तर घरी बसावं माणसाने." तो फक्त "शरी सार", म्हणजे बरं साहेब, एवढंच म्हणाला. तीन दिवस शरी सार. चौथ्या दिवशी अकरा वाजता मी माझ्या कॉफीचं दूध मोजत होतो, आणि तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. तुम्हांला सांगायचं राहिलं: दूध मी काचेच्या मापाच्या नळकांड्यात मोजून घेत असे, शंभराच्या रेघेपर्यंत, म्हणजे कॉफी रोज सारखी होते. मग थोडं पाणी त्यात फिरवायचं, आणि नळकांडं फळीवर.

तो तमिळात म्हणाला, "सार, याच मापाने तुम्ही चंबूत पेज घालता."

"मग? धुतो मी ते."

"धुता, सार. पाहतो ना रोज." आणि मग अगदी नम्रपणे, "तुम्ही कॉफी घेतलीत की चंबूही घेतो, सार. शंकर-पार्वतीसारखं. एकाला सोडून दुसरं नाही."

अप्पा, मी का नीट धुतलं नाही, ते तुम्हांलाच समजेल. पुण्याच्या परिषदेत सांगितलं तर पुन्हा हसतील. ते नळकांडं उष्टं नव्हतं! त्याला कोणाचं तोंड लागलं नव्हतं. दूध वरून ओतलं, वरून काढलं. आपल्या घरात असं भांडं एका पाण्याने शुद्ध होतं. आई ताक ओतल्यावर फुलपात्र तसंच विसळून उपडं घालायची. ओठ लागला असता तर मी ते राखेने घासून, उकळून, तीनदा खळबळून ठेवलं असतं. म्हणजे तुमच्या धर्मशास्त्राने मला जंतू कळले, पण साखर कळली नाही. पेज उकळली की जंतू मरतात. काठाला चिकटलेली दुधाची साखर मरत नाही, ती कुठे जाणार? तेवढ्या चिमटीभर साखरेचा सुगावा चंबूतल्या जंतूंना लागत होता, आणि ते कामाला लागत होते. दोष माझा होता आणि बोलणी त्याने खाल्ली. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "शरी सार." हे चौथं शरी सार मात्र वेगळं होतं, किंवा मला तसं ऐकायचं होतं. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत दूध बंद.

मन लागेना म्हणून त्या दिवशी मी दुपारीच घरी निघालो. तांबरमला उतरून, उन्हातून चालत आलो. जिना अर्धा चढलो आणि वरून आवाज आला. बाई कोण आली आहे घरात, असं मला आधी वाटलं. भरभरून, खदखदून बोलणारी, आणि बोलत होती आपलं मराठी. तुमचं. आईचं. दहा वर्षांत मी जे ऐकलं नव्हतं ते.

"अय्यो आई, त्या मामी कशा बसल्या होत्या! पाटावर गौर बसवावी तशा. 'पुरणपोळी येते का गं तुला?' मज ओठांपर्यंत आलें होतें, येत्ये कीं मामी, बोळी म्हणतों आम्ही तीस, नारळाचीही करतों. दोन खाऊन पाहा, मग जीभ पुण्यास परत येणार नाहीं!"

तुमच्या सुनेला हसून हसून उचकी लागली होती. "मग म्हणालीस कां नाहींस?"

"अण्णा होते ना समोर. अण्णा असले कीं तोंडांत एकच शब्द राहतो." मग भांड्यांची हालचाल. मग आवाज खाली आला. "आणि तेथें तर सारेच अण्णा असतील. तेथें जाऊन जन्मभर सुम्मा हो म्हणत बसूं कां मी? मज नाहीं जायचें, आई."

"मग सांग त्यांस."

"सांगत्यें." आणि पुन्हा ती हसली. "ते घरीं नसले कीं सांगत्यें."

मी जिन्यात उभा आहे, एका हातात डबा, एका हातात छत्री. वर गेलो तर हे थांबणार हे मला कळतं आहे. खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाबांनी दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना बोटाने गप्प राहा म्हणून खुणावलं, आणि ते बिचारे चोर धरायला आल्यासारखे माझ्या शेजारी उभे राहिले. अर्धा तास. मग मी खाली गेलो, आणि चपला वाजवत, खोकत पुन्हा वर आलो. दार उघडलं तेव्हा घरात देवळातल्यासारखी शांतता. मुलीने डबा घेतला. तुमची सून एवढंच म्हणाली, "आज चपला फार वाजवल्यात."

म्हणजे माझी ग्लुकोजची उपपत्ती गेली. विद्या जिथल्या तिथे होती, अकरा वर्षांच्या पोरीची वाढून एकवीस वर्षांची झालेली. कोणी तरी तिच्यावर बसलेलं होतं.

आणि अप्पा, दुसऱ्या दिवशी इथे वाचनालयात मी चार-पाच वर्षांपूर्वीचे पॅरिसकडचे लेख पुन्हा उघडले, कारण ते मी घाईत वाचले होते. तिथल्या लोकांचं म्हणणं असं: त्या जंतूला पाचक द्रव्य कर म्हणून कोणी आज्ञा करत नाही. ते तो केव्हाही करू शकतो; फक्त त्याच्याच अंगातला एक प्रतिबंधक त्या विद्येवर मांडी घालून बसलेला असतो. दुधाची साखर येते ती त्या प्रतिबंधकाला मिठी मारते, आणि तो उठतो. तो मरत नाही, घर सोडून जात नाही; नुसता तेवढ्यापुरता निरुपद्रवी होतो. साखर संपली की पुन्हा येऊन बसतो. काही जंतूंमध्ये हा प्रतिबंधकच जन्मतः मोडका असतो. ते साखर असो नसो, अहोरात्र द्रव्य करत सुटतात. आपल्या कुंभकोणमच्या आत्याची आठवण झाली. पण मुख्य आठवण दुसरीच झाली, आणि मी खुर्चीतून उठलो. हे मी आधी ऐकलं होतं. मणी!

तुमच्या न्यायशास्त्रातला तो मणी. अग्नी जाळतो. पण जवळ एक विशिष्ट मणी आणून ठेवला तर जाळत नाही. म्हणून मण्याचा अभाव हेही जळण्याचं एक कारण. पण कोणी म्हणेल, मणी असूनही शेजारी उत्तेजक ठेवला तर अग्नी पुन्हा जाळतो. तिथे मण्याचा अभाव कुठे आहे? म्हणून नुसता मण्याचा अभाव म्हणून चालत नाही. ज्या मण्याजवळ उत्तेजकाचा अभाव आहे, तशा मण्याचा अभाव म्हणावं लागतं. दोन अभाव. त्यातला एक गळला की सगळी इमारत कोसळते. तिरुवल्लिक्केणीच्या घरात तुम्ही ओट्यावर शिष्यांना हे घोकवत होतात, आणि मी आत ऐकत होतो. तुमच्यासमोर मला पहिलं पानही पार होत नसे. तुम्ही डोळे मिटून बसायचात, बोटाने मांडीवर ताल धरायचात, आणि ते बोट थांबलं की माझी जीभ थांबायची. आणि नंतर स्वयंपाकघरात, आई इडलीचं पीठ वाटत असताना, दगडाच्या घरघरीवर मी तेच सगळं धडाधड म्हणायचो, पहिल्या पानापासून मण्यापर्यंत. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती म्हणायची, "म्हण रे, तूं म्हटलेंस कीं पीठ लवकर होतें." मागे विहिरीवर तुमची अंघोळ चाललेली असायची. कप्पी कुरकुरायची. मधूनच थांबायची. दोर भिजला असेल, असं मला वाटायचं.

मग तो दिवस. मी बारा वर्षांचा, ओट्यावर तीन पाहुणे शास्त्री, आणि तुम्ही म्हणालात, "म्हण." मी दुसऱ्या ओळीत अडकलो. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं होतं. तुम्ही सगळ्यांदेखत, अगदी साध्या आवाजात म्हणालात, "तुला हें येणार नाहीं. सोमवारपासून इंग्रजी शाळेंत जा." आणि मी गेलो, त्या सोमवारपासून आजच्या कोऱ्या कॉफीपर्यंतचा रस्ता सरळ आहे.

मला प्रयोगशाळेत पहिली नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या हातची पोथी दिलीत, लाल फडक्यात बांधलेली. "ठेव," म्हणालात. "वाचली नाहींस तरी ऊन दाखवीत जा." तेव्हापासून मी दर सरस्वतीपूजेला तिला ऊन दाखवलं, अप्पा. आज्ञा शब्दशः पाळली. वाचली नाही. मला हे येणार नव्हतं ना!

मण्याचं ते स्थळ नेमकं कसं आहे ते बघायला मी परवा फडकं सोडलं. पान सापडलं. समासात तुमच्या बोरूने, मोडीत, एक ओळ आहे. मला मोडी आता रांगत वाचावी लागते. "येथें चिरंजीव एक अभाव गाळतात. बाकी शुद्ध."

तुमच्यासमोर मी त्या स्थळापर्यंत कधी पोचलोच नव्हतो. तिथे मी एक अभाव गाळतो हे फक्त आईला आणि त्या दगडाला माहीत असायला हवं होतं. कप्पी का थांबायची, ते पस्तीस वर्षांनी कळलं. तुम्ही ओलेत्याने विहिरीपाशी उभे राहून ऐकत होतात. चुकलो तेही टिपलंत, शुद्ध म्हटलं तेही टिपलंत. आणि आत आला नाहीत. का, ते मला महिन्यापूर्वी कळलं नसतं. आता मी स्वतः जिन्यात उभा राहिलो आहे, म्हणून कळतं. तुम्ही आत आला असतात तर तेवढंही बंद पडलं असतं.

पण एक विचारायचं आहे. ही ओळ तुम्ही त्या सोमवारच्या आधी लिहिलीत की नंतर? स्वयंपाकघरातलं माझं म्हणणं पुढेही दोन-तीन वर्षं चालू होतं, त्यामुळे मला ठरवता येत नाही. शाईवरूनही कळत नाही; तुमची शाई जन्मभर एकच. नंतर लिहिली असेल तर तुम्हांला पश्चात्ताप झाला. आधी लिहिली असेल, तर तुम्हांला ठाऊक होतं की मला ते येतं, आणि ठाऊक असून तुम्ही म्हणालात की येणार नाही. या विद्येवर पोट भरणार नाही असं तुम्ही विहिरीपाशी ठरवलंत का? माझ्या भल्याचंच असेल. पण मला विचारायचं होतंत.

इथेच माझं घोडं अडलं आहे. पुण्याला उत्तर सोमवारी टाकायचं आहे. नको म्हणून कळवणं सोपं आहे. तिला काय हवं ते मी जिन्यातून ऐकलेलं आहे. पण मग मी तुमच्यासारखंच केलं: भिंतीआडून ऐकलं आणि परस्पर ठरवलं. ऐकलं म्हणून तिला सांगावं, तर ती आईशीही हळू आवाजात बोलायला लागेल, आणि त्या घरात उरलेलं एकुलतं दार मी बंद केलेलं असेल. मणी स्वतः उठून कुठे जाणार? घर माझ्या नावावर आहे. उत्तेजक शोधायला हवा. परवा मी एक करून पाहिला. पाटी पुसून माळ्यावर टाकली आणि जेवताना म्हटलं, "आज रस्सम सुम्मा फक्कड झालंय." दोघी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. तुमच्या सुनेने उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण मुलीने रस्सम पुन्हा वाढलं ते न मागता, एक डाव जास्तच, असं मला वाटलं. माझ्या जंतूंना काही मिनिटं पुरतात. दहा वर्षं बसलेल्याला उठायला किती लागतात, ते पॅरिसच्या लेखात दिलेलं नाही.

आज शनिवार. प्रयोगशाळेत कोणी नाही, अटेंडर जाताना माझ्यापुढे डिकॉक्शन ठेवून गेला, ते निवलं. हे पत्र मी पुण्याच्या मराठीत लिहिलं हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. मलाही दुसरी आता लिहिता येत नाही. ते मी पोथीत त्या पानात ठेवणार आहे. पुढच्या सरस्वतीपूजेला दोघांनाही ऊन मिळेल.

उद्या रविवारी तिला पुन्हा विचारायचं ठरवलं आहे. मधे बोलणार नाही, चूक काढणार नाही, तोंडाकडेही बघणार नाही. तुमच्यासारखं बोटही मांडीवर ठेवणार नाही. विनोद आता पुरे. अप्पा, मी तिला विचारीन आणि ती हो म्हणेल, याची मला भीती वाटते.